टोकाला साचलेला गोळा आणि तो पेशीभर पसरवणारी दोन प्रथिनं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पात ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूत हॅलोथायोबॅसिलस निअपोलिटॅनस या गंधकावर जगणाऱ्या जिवाणूचा कार्बॉक्सिझोम, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या एन्झाइमचा प्रथिनी कप्पा, बनवणारा दहा जनुकांचा संच घातला आणि रुबिस्कोला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं. लेखांमधल्या चित्रांत पेशीच्या लांबीभर ठिपक्यांची ओळ दिसते, तशी दिसेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक पेशीच्या एका टोकाला एकच लख्ख गोळा दिसला. जिवाणूत मोटर प्रथिनं नाहीत, त्यांना धावायला रूळ नाहीत, मग मूळ जिवाणूत ती ओळ लावतं कोण? आणि ती व्यवस्था ई. कोलायमध्ये उभी करता येईल का?

येईल. पण आधी एक अप्रिय शंका दूर करू या. तो गोळा कार्बॉक्सिझोमचाच आहे कशावरून?

हे विचारतोय कारण या खड्ड्यात मी स्वतः पडलो आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या प्रथिनाचा असाच सुरेख गोळा टोकाला दिसला. ‘ध्रुवाकडे जाणारं प्रथिन’ म्हणून मी त्याचं पोस्टर केलं आणि तीन महिने त्याच्या मागे फिरलो. एक दिवस आमच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “पेशी फोडून पेलेट पाहिलास का रे?” पाहिला. सगळं प्रथिन पेलेटमध्ये, म्हणजे सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी साचलेल्या गाळात, होतं. तो निव्वळ इन्क्लुजन बॉडी होता, चुकीच्या घड्या पडलेल्या प्रथिनांचा कचरा. ई. कोलाय कचरा टोकालाच साठवतो.

म्हणून आधी दोन गोष्टी करा. पेशी फोडून सेंट्रिफ्यूज करा आणि रुबिस्को द्रवात किती, तळाशी किती ते जेलवर बघा. मात्र साधारण वेगालाच इन्क्लुजन बॉडी खाली बसतात, कार्बॉक्सिझोमना बरंच जास्त बल लागतं, तेव्हा ‘तळाशी आहे म्हणजे वाया गेलं’ असा घाईचा निष्कर्ष नको. दुसरं म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पातळ काप. शंभर-सव्वाशे नॅनोमीटरचे, कोपरे असलेले, गडद पोटाचे तुकडे एकमेकांना खेटून दिसले तर तुमचे कप्पे बनले आहेत. असे कप्पे ई. कोलायमध्ये बनतात हे 2012 मध्येच दाखवलं गेलं आहे, त्यामुळे मी आशावादी आहे. शिवाय तुमचं चमकणारं प्रथिन कुठलं ते एकदा तपासा. जुन्या जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) प्रकारांची रेणू एकमेकांना चिकटण्याची खोड असते आणि एकाच कप्प्यावर असे शेकडो रेणू असले की कप्पेच एकमेकांना चिकटतात. ई. कोलायला लांबट आकार देणाऱ्या एमआरई-बी प्रथिनाचे सुंदर मळसूत्री धागे वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत मिरवले. त्यांतला बराच भाग जोडलेल्या पिवळ्या प्रथिनाची करामत होती, हे 2012 मध्ये उघड झालं. एकएकटं राहणारा प्रकार वापरा.

समजा, या सगळ्यातून गोळा खरा निघाला. मग टोकच का?

‘टोकाला काहीतरी ओढतंय’ असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा टोकाला काहीच ओढत नसतं, मधे जागा नसते एवढंच. ई. कोलायची पेशी दोन-तीन मायक्रॉन लांब, आणि तिच्या मधोमध डीएनएचा पसारा, म्हणजे न्युक्लिऑइड. छोटं प्रथिन त्यातून सहज आरपार जातं. जीएफपीचा रेणू पेशीत सेकंदाला सात-आठ चौरस मायक्रॉन या गतीने पसरतो, म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला त्याला सेकंदभरही लागत नाही. शंभर नॅनोमीटरच्या कप्प्याची गोष्ट वेगळी. त्याच्या मापाला पेशीरस पाण्यासारखा राहतच नाही, घट्ट होत गेलेल्या काचेसारखा वागतो, आणि त्यात हा डीएनएचा गुंता आडवा. कप्पा टोकाच्या मोकळ्या जागेत सापडला की तिथेच राहतो, दुसराही तिथेच येतो. जास्त प्रती असलेले प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे तुकडे) याच कारणाने टोकांना गर्दी करतात.

हे ताडून पाहायला सोपी युक्ती आहे. कल्चरमध्ये सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक घाला. पेशींची विभागणी थांबते, वाढ चालू राहते, आणि तास-दोन तासांत शेवयांसारख्या लांब पेशी तयार होतात. त्यांत ओळीने बरेच न्युक्लिऑइड असतात. डीएपीआय या चमकणाऱ्या रंगाने डीएनए रंगवा. तुमचे गोळे दोन न्युक्लिऑइडच्या मधल्या फटींतही दिसले तर कारण डीएनएने केलेल्या हकालपट्टीचं. फक्त खऱ्या टोकांनाच दिसले तर टोकाच्या पटलाशी काहीतरी नातं आहे. माझा अंदाज पहिल्यावर आहे.

आता ज्यांच्यात कार्बॉक्सिझोम मुळातच असतात त्या जिवाणूंकडे. कार्बॉक्सिझोम सगळ्यात नीट अभ्यासला गेला तो सिनेकोकॉकस इलॉन्गेटस या गोड्या पाण्यातल्या सायनोबॅक्टेरियात. (आयआयटी मुंबईच्या गटाने याच जातीचा एक जोमदार वाण पवईच्या तलावातून वेगळा केला आहे. अनुकूल तापमान आणि प्रखर प्रकाश मिळाला तर साध्या हवेवर तो अडीच तासांच्या आत दुप्पट होतो. तुमच्या पुढच्या प्रकल्पासाठी लक्षात ठेवा.) रुबिस्को हे मंद एन्झाइम आहे, सेकंदाला जेमतेम काही रेणू हाताळतं, वर ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांत गफलत करतं. म्हणून जिवाणू त्याला प्रथिनांच्या बंद डब्यात कोंडतो आणि आत कार्बन डायऑक्साइडची दाटी करतो. या जिवाणूत असे तीन-चार डबे असतात आणि ते पेशीच्या लांब अक्षावर जवळपास समान अंतराने उभे असतात. 2010 मध्ये हार्वर्डच्या एका गटाने हे चमकणाऱ्या रुबिस्कोच्या मदतीने जिवंत पेशींत दाखवलं. पार-ए (डीएनएच्या प्रतींची पेशींत वाटणी करणाऱ्या प्रथिनांचं कूळ) कुळातलं एक जनुक काढून टाकलं की ओळ विस्कटते, काही पेशींच्या वाट्याला एकही डबा येत नाही आणि अशा पेशी पुढची विभागणी उशिरा करतात, हेही त्यांनी दाखवलं.

तेव्हा बहुतेकांची समजूत अशी होती की पार-एचे धागे बनतात आणि ते डब्यांना ढकलतात किंवा खेचतात. उंदराच्या, माणसाच्या पेशी बघून आपली नजर तशी झालेली असते, हालचाल दिसली की आपण दोरी शोधतो. 2018 मध्ये मिशिगनमधल्या दोन विद्यापीठांच्या गटांनी मिळून खरी जोडी उलगडली. पार-ए कुळातल्या त्या प्रथिनाला त्यांनी एमसीडी-ए म्हटलं आणि त्याचा आजवर नजरेआड राहिलेला जोडीदार एमसीडी-बी शोधून काढला. या यंत्रणेत धागा लागत नाही.

मी वर्गात हे सांगताना धनगराची मेंढरं सांगतो. माळावर सगळीकडे गवत आहे आणि मधे एक कळप बसलाय. तो भोवतालचं गवत खातो, तिथे माळ उघडा पडतो, आणि कळप हिरवळीच्या बाजूला सरकतो. मागे गवत पुन्हा उगवतं, पण लगेच नाही. आता त्याच माळावर चार कळप सोडा. प्रत्येकाने आपल्या भोवती उजाड पट्टा केलेला असतो, त्यामुळे शेजारच्या कळपाच्या दिशेने जाण्यात कुणालाच फायदा नाही. कुणी काही न ठरवता चारही कळप एकमेकांपासून लांब होतात.

गवत म्हणजे एमसीडी-ए. हे प्रथिन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) धरलं की जोडीने डीएनएला चिकटतं, कुठल्याही अनुक्रमाला, म्हणून सगळा न्युक्लिऑइड त्याने माखतो. डब्याच्या आवरणावर एमसीडी-बी बसलेलं असतं. ते एमसीडी-एला पकडतं, पण पकडतानाच एटीपी तोडायला भाग पाडतं, आणि मग एमसीडी-एची डीएनएवरची पकड सुटते. डब्याभोवती डीएनए उघडा पडतो. डबा जागेवर थरथरत असतोच. ज्या बाजूला एमसीडी-ए शिल्लक आहे त्या बाजूला तो पुन्हा अडकतो, ज्या बाजूला नाही तिकडून सुटतो. बारीक थरथरीतून होणारं सरकणं असं एकाच दिशेला जमा होत जातं.

उपमा जिथे तुटते ती जागा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. गवत जागेवरच उगवतं. एमसीडी-ए सुटलं की पेशीभर भटकतं, नवा एटीपी घेतं, पुन्हा डीएनए धरण्याजोगा आकार धारण करतं, आणि या सगळ्याला वेळ लागतो. तो उशीर हाच यंत्रणेचा प्राण. सुटल्या क्षणी ते पुन्हा तिथेच चिकटलं असतं तर उजाड पट्टा टिकलाच नसता आणि डबा जागचा हलला नसता.

ही नुसती गोष्ट नाही, याच कुळातल्या यंत्रणेसाठी ती परीक्षानळीत उभी केलेली आहे. ई. कोलायमधल्या एफ-प्लाझ्मिडला जागेवर लावणारी सॉप-ए, सॉप-बी ही प्रथिनांची जोडी घेतली. काचेवर डीएनएचा गालिचा अंथरला, त्यावर सॉप-ए पसरलं, आणि प्लाझ्मिडच्या जागी सॉप-बी धरून ठेवणाऱ्या डीएनएने माखलेले चुंबकीय मणी सोडले. नुसते सोडले तर मणी गालिच्यावरून सुटून वर द्रवात निघून जायचे. मग चुंबक लावून मण्यांना गालिच्यालगत दाबून धरलं, आणि मणी मागे उघडा पट्टा सोडत पुढे सरकू लागले. चुंबकाचं काम पेशीत अरुंद जागा करते. हा तपशील मला फार आवडतो.

एवढी उठाठेव पेशी का करते? तीन-चार डब्यांचा एकच गोळा झाला तर विभागणीत तो एकाच लेकीच्या पदरात पडतो. दुसरीला सगळं नव्याने बांधावं लागतं. एमसीडी-ए किंवा एमसीडी-बी नसलेल्या सिनेकोकॉकसच्या पेशी हळू वाढतात, लांबट होतात, मधोमध न फुटता वाकड्यातिकड्या फुटतात आणि रुबिस्को जास्त बनवतात.

तुमचा जनुकसंच ज्या जिवाणूतून आला, त्या हॅलोथायोबॅसिलसमध्येही एमसीडी-ए आणि एमसीडी-बी आहेत, सायनोबॅक्टेरियातल्या जोडीपेक्षा वेगळ्या घडणीचे, हे 2021 मध्ये समजलं. तुमच्या दहा जनुकांत ही दोन नाहीतच. त्या संचात रुबिस्को आहे, कार्बोनिक अॅनहायड्रेज आहे, आवरणाचे भाग आहेत, पण जागेवर लावणारं काही नाही. तुम्ही बरण्या आणल्या, फडताळ आणायचं राहिलं. गोळा होणारच होता. म्हणजे तुमचा प्रयोग फसलेला नाही. मूळ जिवाणूत ही जोडी काढून टाकल्यावर जे होतं, तेच तुम्हाला दिसतंय.

आता ही जोडी ई. कोलायमध्ये घालायची तर काय काय बघावं लागेल?

जोडी त्याच जिवाणूची घ्या. सिनेकोकॉकसचं एमसीडी-बी तुमच्या आवरणाला ओळखेल असं धरून चालू नका, दोन्हींचे डबे वेगळ्या वंशावळीतले आहेत. ई. कोलाय हा यजमान म्हणून चांगला आहे, कारण त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रावर पार-एची यंत्रणाच नाही. त्याच कुळातलं मिन-डी आहे, पण ते डीएनएवर नव्हे, पटलावर बसतं. फक्त तुमचा वाण एफ-प्लाझ्मिड बाळगणारा आहे का ते बघा. क्लोनिंगसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सएल-1 ब्लू, जेएम109 अशा वाणांत तो असतो, आणि त्याबरोबर सॉप-ए, सॉप-बीही. सहसा या जोड्या एकमेकींच्या कामात लुडबुड करत नाहीत. हॅलोथायोबॅसिलसमध्ये या कुळाचे सात सदस्य एकाच पेशीत नांदतात आणि त्यांतले पाच प्रत्येकी एकेका ठरावीक मालाला जागेवर लावतात, गुणसूत्र एकाने तर कार्बॉक्सिझोम दुसऱ्याने, असं 2023 मध्ये दाखवलं गेलं. तरी उगाच शंकेला जागा कशाला ठेवा? एफ-प्लाझ्मिड नसलेला एमजी1655 हा वाण घ्या.

खरा घोळ प्रमाणाचा असतो, आणि बहुतेक विद्यार्थी तिथेच अडकतात. हाताशी टी7 हा जोरदार प्रवर्तक (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) असतो, तो चालू करणारं आयपीटीजी हे रसायन घातलं की पेशी प्रथिनाने तुडुंब. इथे ते घातक आहे. एमसीडी-बी गरजेपेक्षा जास्त झालं की ते डब्यावर मावत नाही, पेशीरसात मोकळं फिरतं आणि दिसेल तिथे एमसीडी-एला डीएनएवरून उतरवतं. सगळाच माळ उजाड झाला तर कळप कुठे जाणार? शिवाय हे प्रथिन दाटी झाली की स्वतःचेच थेंब बनवतं, आणि ते थेंब तुम्ही कप्पे समजून मोजत बसाल. उलट बाजूला एमसीडी-बी फार कमी असेल तर डब्याभोवती पट्टाच उघडा पडणार नाही. म्हणून एमसीडी-बी अरॅबिनोज या साखरेने वाढवता-कमी करता येणाऱ्या प्रवर्तकावर ठेवा, एमसीडी-ए वेगळ्या, मंद प्रवर्तकावर. पाच-सहा पायऱ्यांत अरॅबिनोज बदलून प्रत्येक पायरीची स्लाइड पाहा. मात्र कमी अरॅबिनोजला साध्या वाणात काही पेशी पूर्ण चालू, काही पूर्ण बंद असा प्रकार होतो. सरासरीवर जाऊ नका, एकेक पेशी मोजा.

ठिपक्यांच्या ओळीची अपेक्षा आताच खाली आणतो. सिनेकोकॉकसमध्ये गुणसूत्राच्या अनेक प्रती असतात आणि डीएनए पेशीच्या लांबीभर पसरलेला असतो, म्हणून तिथे लांबलचक ओळ दिसते. ई. कोलायमध्ये एक-दोन न्युक्लिऑइड. तुमचा माळच लहान आहे. तिथे काय दिसायला हवं हे एफ-प्लाझ्मिडने आधीच दाखवून ठेवलंय: एक प्रत असेल तर पेशीच्या मधोमध, दोन असतील तर पाव आणि पाऊण लांबीवर. तुमचे डबे टोक सोडून न्युक्लिऑइडवर आले आणि दोन वेगळे ठिपके दिसले तरी ते यशच आहे. ओळ बघायचीच असेल तर सेफॅलेक्सिन दिलेल्या त्या लांब पेशींत बघा.

आणि नियंत्रण प्रयोग विसरू नका. एटीपी तोडू न शकणारं एमसीडी-एचं रूप बनवा. त्याने डबे डीएनएवर येतील, पण तिथे खिळून राहतील, अंतर राखणार नाहीत. या चित्राशी तुलना केल्याशिवाय ‘आमची यंत्रणा चालते’ असं म्हणता येणार नाही, कारण नुसतं डीएनएला चिकटणंही टोकाचा गोळा फोडू शकतं.

निसर्गाने हा स्वस्त मार्गही वापरलेला आहे. क्युप्रियाव्हिडस निकेटर या जिवाणूत प्लास्टिकसारख्या पीएचबीचे कण साठतात. तिथे फा-एम नावाचं प्रथिन एका हाताने कण आणि दुसऱ्या हाताने डीएनए धरतं. एटीपी नाही, उजाड पट्टा नाही. गुणसूत्राच्या वाटण्या झाल्या की कणांच्याही होतात. समान अंतर मिळत नाही, पण दोन्ही लेकींना वाटा मिळतो. चुंबकी जिवाणूंनी तर खराखुरा धागाच वापरला आहे. ॲक्टिनच्या कुळातल्या मॅम-के प्रथिनाचा धागा असतो आणि त्यावर मॅम-जेच्या मदतीने चुंबकाचे कण माळेसारखे ओवलेले असतात. मॅम-जे काढलं की माळ तुटून गोळा होतो. तीसेक जनुकं उचलून चुंबकाचे कण दुसऱ्याच जिवाणूत बनवल्याचं 2014 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. ई. कोलायसाठी मात्र मी धाग्याच्या वाटेला जाणार नाही. धागे पेशीची विभागणी अडवतात, आणि मग कुठला परिणाम कशाचा हे सोडवता सोडवता वर्ष जातं.

प्रकल्प मार्चमध्ये संपत असेल तर मी असं करेन. पहिल्या पंधरवड्यात पेलेट, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आणि सेफॅलेक्सिन, म्हणजे गोळा कशाचा आणि का, हे पक्कं. त्याच वेळी एमसीडी-ए, एमसीडी-बी आणि निकामी एमसीडी-ए यांची जनुकं मागवून ठेवायची, कारण ती हातात यायलाच महिना जातो. आली की आधी एकटं एमसीडी-ए लाल रंगाने चमकवून बघायचं. ते न्युक्लिऑइडवर पसरलेलं दिसलं नाही, तर बाकी सगळं बाजूला ठेवून ते आधी दुरुस्त करायचं. दिसलं, तर एमसीडी-बी हळूहळू वाढवत जायचं आणि प्रत्येक स्लाइडवर निदान दोनशे पेशींत ठिपके टोकापासून किती अंतरावर आहेत ते मोजायचं. मोजणीचं काम मैत्रिणीला द्या, आणि कुठली स्लाइड कुठल्या अरॅबिनोजची हे तिला सांगू नका.